पॉलिशवाल्या आजोबांचा दात

मित्रांनो, मी एक जुना दात आहे. वरच्या ओळीतला, अगदी समोरचा. माझे मालक भांड्यांना चांदीचा मुलामा चढवून ती चकचकीत करून देतात, म्हणून सगळे त्यांना पॉलिशवाले आजोबा म्हणतात. त्यांच्या सातव्या वर्षी मी हिरडीतून डोकावलो. तेव्हा माझे इनॅमल, म्हणजे दाताचे वरचे कठीण आवरण, नवेकोरे होते. माझे इतके कौतुक झाले की, खोटे कशाला सांगू, मी शेफारलोच.

पुढे आजोबांनी एक खरखरीत दंतमंजन आणले. डाग दिसला की घासायचे, ही त्यांची कारागिराची सवय. पण जितके घासावे तितका मी पिवळाच दिसू लागलो! मग ते आणखी जोर लावत. थंड पाणी लागले की कळ थेट मस्तकात जाई.

गेल्या महिन्यात त्यांच्या नातीला समोरचे दोन नवे दात आले. शेजारच्या दुधाच्या दातांपेक्षा ते किंचित पिवळसर होते. आजोबांनी लगेच मंजनाची डबी उघडली.

"ये गं, दोन मिनिटांत चमकवतो. आधी माझे बघ."

माझा जीव खालीवर झाला. मला ओरडता येत नाही. दुखता मात्र येते. आजोबांनी घासून गार पाण्याची चूळ भरली आणि मी जीव खाऊन ठणकलो. आजोबा गाल धरून मटकन खाली बसले. नातच मंजनाची डबी घेऊन त्यांना हाताला धरून दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

"आजोबा, या मंजनातल्या खरखरीत कणांनी इनॅमल झिजलंय. ते परत येत नाही. आतला पिवळा थर दिसायला लागलाय."

आजोबांनी डबी उलटसुलट करून पाहिली. "म्हणजे मुलामाच उडाला की! अहो, गिऱ्हाइकांना मी रोज बजावतो, जोरात घासू नका, पितळ उघडं पडेल. आणि हिचे दात?"

"नवे दात दुधाच्या दातांशेजारी असेच पिवळसर दिसतात. मऊ ब्रश आणि वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट पुरे. फ्लोराइडमुळे थुंकीतली खनिजं इनॅमलमध्ये बसतात, ते मजबूत होतं."

त्या डबीतले मंजन आता दुकानातल्या गंजक्या बिजागऱ्या घासते. मी पिवळाच राहिलो, पण नव्या पेस्टमुळे ठणका कमी झाला आहे आणि मी मजेत आहे. रोज सकाळी आजोबा नातीला म्हणतात, "हळू गं, मुलामा आहे." आरशात तिचे ते दोन दात मला दिसतात. आपल्यावरचे केवढे संकट टळले, याचा त्यांना पत्ताही नाही.

मित्रांनो, आम्हाला चमकवण्याच्या नादात झिजवू नका. हा मुलामा पुन्हा चढवून देणारे दुकान कुठेच नाही, आजोबांचेसुद्धा नाही.