ढोलीतलं बिऱ्हाड

सकाळी सात वाजता धाकट्याने झाडापुढे हात जोडले, डोळे मिटले आणि मोठ्याने सांगितलं, "विहाराच्या दारासाठी हे झाड उद्या पाडायचं आहे. इथं कोणी राहत असेल तर बिऱ्हाड हलवा."

थोरला करवतीला धार लावत होता. "झाली का परवानगी? की शिक्का मारून आणतोस?"

"दादा, बाबा सांगायचे ना ती गोष्ट? झाडातल्या देवतेला विचारल्याशिवाय सुतार कुऱ्हाड लावायचे नाहीत."

बाबा ती गोष्ट दोघांनाही सांगायचे. थोरल्याने ती कामाच्या रेट्यात सोडून दिली, धाकट्याने धरून ठेवली. विहारातल्या भन्तेंनी दाराचं काम नेमकं धाकट्यालाच दिलं. म्हणाले, "झाडाला विचारणारा सुतार आता सापडतो कुठे?" थोरल्याने जोडलेल्या लाकडांच्या सांध्यात केसही शिरायचा नाही, हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. पण त्याच्या वाट्याला आलं करवतीचं दुसरं टोक.

"तुझ्यासारखा सांधा मला सात जन्मांत जमायचा नाही," धाकटा म्हणाला. मनापासून म्हणाला, म्हणून ते जास्तच झोंबलं.

दुपारी दोर बांधायला थोरला वर चढला. बेचक्याखाली ढोली होती. आत पिंगळ्याची दोन पिल्लं, धड पिसंही न फुटलेली. थोरल्याला आधी हसू आलं. दोर तसाच टाकून तो तडक भन्तेंकडे गेला.

"तुमच्या सुताराला विचारा, झाड काय म्हणालं. डोळे मिटून विचारल्यावर उत्तर दिसणार कसं? वर पिल्लं आहेत."

भन्ते उठून झाडाखाली जाऊन आले. मग म्हणाले, "झाड राहू दे. तुमच्यामुळे दोन जीव वाचले. दार दुसऱ्या लाकडाचं होईल, आणि ते तुम्हीच करा."

धाकटा मागून धावत आला. हातचं काम गेलं होतं, तरी चेहरा उजळलेला.

"दादा, विचारलं मी आणि झाडाने उत्तर दिलं तुला!"

"गप बस रे," थोरला म्हणाला. एवढं करूनही गोष्ट धाकट्याचीच राहिली होती.

तीन आठवडे झाले, विहाराच्या दाराच्या जागी अजून गोणपाट लटकतं आहे. थोरल्याने हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. सकाळी तो झाडाखाली येतो आणि मान वर करून उभा राहतो. काल एक पिल्लू ढोलीच्या तोंडाशी बसलेलं होतं. दुसरं दिसलं नाही.