जास्वंदीखालची सावली

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी साडेसातला, बागेतल्या जास्वंदीने माझ्या बायकोची सावली घेतली. कुमुद नेहमीप्रमाणे झाडांना पाणी घालत होती. सकाळचं ऊन तिरपं असतं, त्यामुळे तिची सावली लांब होऊन वाफ्यावर पडली होती. नळ बंद करून ती वळली, चार पावलं आली आणि सावली मागेच राहिली. मी पायरीवर बसून चहा पीत होतो. मला ते नीट दिसलं.

"तुझी सावली तिकडेच राहिली," मी म्हणालो.

"राहू दे. नंतर आणते."

त्या दुपारी चंद्रपूरचा पारा सेहेचाळीसवर गेला. आमच्या आळीतल्या सगळ्या बागांनी माना टाकल्या. जास्वंदी मात्र ताठ उभी होती. कुमुदची सावली तिने बुंध्याभोवती पसरून घेतली होती. त्यात अंबाडासुद्धा ओळखू येत होता.

कुमुदला त्यानंतर कुठेच गारवा मिळेना. पंख्याखाली बसली तरी तिच्या अंगावर ऊनच असायचं. तिची हनुवटीखालची जागाही कपाळाइतकीच उजळ दिसायची. ती माठाजवळून गेली की पाणी कोमट व्हायचं. तिसऱ्या दिवशी तिला घाम येणं थांबलं.

मी कुंपणापाशी जाऊन उईके सरांना हाक मारली. सर शेजारी एकटे राहतात. छत्तीस वर्षं त्यांनी वनस्पतिशास्त्र शिकवलं.

"झाडाला उन्हाळा काढायचा असतो," सर म्हणाले. "ते पानं मिटतं, पानाची कड उन्हाकडे करतं, त्यानं भागलं नाही तर पानं गाळतं. आणि जवळ सावली पडली तर घेतं."

"परत कधी देतं?"

"आमच्या लिंबानं दोन सावल्या घेतल्या. दिल्या नाहीत."

मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. पायांपाशी नुसती फरशी होती.

"मी टिकलो," ते म्हणाले. "आमची मंडळी नाही टिकली."

मला झाडांकडे जायला एकच वेळ सुरक्षित होती. सकाळी आणि संध्याकाळी सावली लांब पडते आणि झाडांच्या हाती लागते. बाराच्या सुमारास ती आपल्याच पायांखाली असते. म्हणून दुसऱ्या दिवशी भर बाराला, डोक्याला ओला पंचा गुंडाळून, मी खुरपं घेऊन बागेत गेलो. सावलीला खालून बारीक पांढरी मुळं फुटली होती. मी एक कड धरून ओढली. लुगडं फाटावं तसा आवाज झाला.

"ओढू नका," कुमुद खिडकीतून म्हणाली.

तिच्या डाव्या हाताची करंगळी आत वळली होती. ती पुन्हा सरळ झाली नाही.

मग तिची गळती सुरू झाली. बांगड्या मनगटावरून आपोआप उतरल्या. केस उशीवर राहू लागले. बोलणं तिने सकाळच्या दहा मिनिटांवर आणलं. तोंड उघडलं की ओल जाते, असं ती म्हणाली. एकदा शलाकाचा, म्हणजे आमच्या मुलीचा, नाशिकहून फोन आला. कुमुदने पाच मिनिटं ऐकून घेतलं आणि फोन माझ्याकडे दिला.

"कोणीतरी मुलगी आहे," ती म्हणाली. "मला आई म्हणते."

मी सरांना हे सांगितलं.

"झाड आधी कळ्या सोडतं," सर म्हणाले. "कळ्या पोसायला फार पाणी लागतं."

मे उजाडला तसा बाकीच्या झाडांनाही ताण पडू लागला. मोगरा, गुलाब, कढीपत्ता सगळे घराकडे झुकले. संध्याकाळी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत आलं की माझी सावली खोलीभर लांबायची, आणि दाराच्या फटीतून कढीपत्त्याची फांदी तिच्या टोकाशी येऊन थांबायची. मी ती खिडकी बंद केली. मग पूर्वेची. शेवटी आम्ही मधल्या खोलीत राहू लागलो. तिला खिडकीच नव्हती. तिथे कुमुदच्या अंगावरच्या उन्हात मी पेपर वाचायचो.

त्याच पेपरात आलं होतं की वीस मे रोजी, दुपारी बारा वाजून नऊ मिनिटांनी, सूर्य बरोबर डोक्यावर येईल आणि मिनिटभर कुणाचीच सावली पडणार नाही.

"त्या मिनिटात झाडाच्याही हातात काही नसतं," सर कुंपणापलीकडून म्हणाले. "मिनिट संपताना त्या जागी जो उभा असेल, त्याला सावली मिळते. झाड मात्र आधी उपटायला लागेल."

"तुम्ही का नाही केलंत?"

"केलं होतं. दोघं लागतात. मी एकटाच उभा राहिलो होतो."

वीस तारखेला मी कुमुदला उचलून बाहेर नेलं. ती पाटीभर पाचोळ्याइतकी हलकी झाली होती. बारा वाजून नऊ मिनिटांनी अंगण कोरं झालं. भिंतीची, बादलीची, तारेची, कशाचीच सावली उरली नाही. जास्वंदीची सगळी पानं एकदम गळाली. मी ती मुळासकट उपटून फेकली आणि खड्ड्यात कुमुदला उभं केलं. तिचे पाय तिला पेलेनात. म्हणून मीही खड्ड्यात उतरलो आणि तिला कमरेशी घट्ट धरून उभा राहिलो. माती आत ओली होती.

"कुमुद, शलाका आठवते का?"

"बोलू नका," ती म्हणाली. "ओल जाते."

मिनिट संपलं. आमच्या पायांखालून सावली बाहेर आली. ती एकच होती, चांगली रुंद, आणि तिला डोकी नव्हती. कुमुदच्या हनुवटीखाली पुन्हा काळोख आला. माझ्या घोट्यांना गार वाटू लागलं. मी एक पाय वर घ्यायला गेलो. तो आला नाही.

कुंपणाचं फाटक वाजलं. उईके सर हातात पेपर घेऊन आत आले. त्यांनी आमच्या चेहऱ्यांकडे पाहिलं नाही. पेपर खाली अंथरून ते सावलीत बसले, मानेवरून रुमाल फिरवला, माझ्या नडगीला पाठ टेकली आणि डोळे मिटले.