ऐसे कित्येक दिवस लोटले

श्रीनिवासरावांनी आयुष्यात एकाच पत्राला उत्तर दिलं नव्हतं, आणि नेमकं तेच पत्र त्यांना तोंडपाठ होतं.

पत्र धायरीहून आलं होतं, त्याला आता तीन-चार वर्षं झाली. श्रीनिवासराव मुद्रितशोधक. अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका छापखान्यात प्रुफं तपासण्यात त्यांचा जन्म गेला. छापखाना पोथ्या काढायचा, आणि प्रत्येक पोथीच्या पहिल्या पानावर बारीक टाइपात एक ओळ असायची, 'काही चूक आढळल्यास कृपया कळवावे'. खाली श्रीनिवासरावांचा पत्ता. लोक कळवायचेही. अमक्या ओवीत अनुस्वार राहिला, तमक्या पानावर पहिली वेलांटी दुसरी झाली. श्रीनिवासराव प्रत्येकाला पोस्टकार्डावर दोन ओळी लिहून आभार मानायचे. निवृत्त झाल्यावरही हे चालूच होतं.

'पोथीत चूक काही नाही,' भाग्यश्री नावाच्या त्या बाईनं लिहिलं होतं. 'चूक माझ्या हातून झाली आहे. ती कुणाला कळवायची ते समजेना, म्हणून तुम्हाला कळवते.'

तिचा मुलगा शुभंकर. दुसरीत असताना त्याला मेंदूज्वर झाला. जीव वाचला, पण बोलणं गेलं, चालणं गेलं, आईची ओळखसुद्धा गेली. नवरा हिंजवडीला कंपनीची बस चालवायचा, पहाटे जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. गाव वाशीमकडचं, इथे जवळचं कुणी नाही. शेजारणीनं सुचवलं म्हणून तिनं पोथीचा सप्ताह धरला. पोथीत होतंच की, आईनं टाहो फोडला आणि गेलेलं लेकरू उठून बसलं. तिनं सगळं नेमानं केलं. शेवटच्या दिवशी, त्याच अध्यायात, आतल्या खोलीत शुभंकरला ठसका लागला आणि ती उठली. अध्याय अर्धा टाकून उठली. पोथीच्या सुरुवातीला नियम छापलेले असतात, त्यात स्पष्ट होतं : वाचन चालू असता आसन सोडू नये.

'मी उठले म्हणून झालं नाही का?' तिनं विचारलं होतं. 'की हल्ली होतच नाही? पूर्वी तर पानापानाला होत होतं. पूर्वीच्या बायांची भक्ती मोठी होती आणि माझी कमी पडली, असं असेल तर तसं लिहा. मला राग येणार नाही.'

आता याला काय लिहायचं?

श्रीनिवासरावांनी लिहिलं नाही असं नाही. पुष्कळदा लिहिलं. एकदा नियमांचा इतिहास लिहिला, की हे नियम मूळ पोथीत नसतात, मागाहून जोडले जातात वगैरे. वाचून पाहिलं तेव्हा ते त्यांना शाळेतल्या टिपेसारखं कोरडं वाटलं. फाडलं. एकदा आईबापांच्या सेवेसाठी देवाला दाराशी तिष्ठत ठेवणाऱ्या भक्ताचा दाखला दिला. तुम्ही लेकरासाठी उठलात, देव थांबला असेल, असं. वाचून पाहिलं तेव्हा ती चतुराई वाटली. फाडलं. एकदा नुसता धीर दिला, तर आपण अंगारे-धुपारे विकणाऱ्यासारखे बोलतोय असं वाटलं. तेही फाडलं. हातात जन्मभर लाल पेन्सिल. दुसऱ्याच्या लिहिण्यात जिथे एक चूक दिसायची, तिथे स्वतःच्या लिहिण्यात दहा दिसायच्या. आणि मुळात आपण सांगणारे कोण? ना धड भक्त, ना धड पंडित. बुडालेली नाव वर आली त्या ओवीत आपण पाहिलं काय, तर 'नौका'ची मात्रा.

"फाडायचंच असेल तर कोरा कागद फाडत जा," त्यांच्या पत्नी पद्मजाबाई म्हणायच्या. "शाई तरी वाचेल."

पत्राखाली तिनं फोन नंबरही दिला होता. पण गॅसवाल्याला फोन करायचा तरी श्रीनिवासरावांना घाम फुटायचा. पत्र टेबलाच्या खणात राहिलं, आणि ती बाई, आपण उठलो म्हणून पोराचं वाटोळं झालं असं धरून बसलेली, त्यांच्या डोक्यात राहिली.

गेल्या श्रावणातली गोष्ट. सकाळी चहा झाला, श्रीनिवासरावांनी पेपर उघडला आणि पद्मजाबाईंना हाक मारली.

"अगं, आज पेपरवाल्यानं कानडी पेपर टाकलाय."

पद्मजाबाई पदराला हात पुसत आल्या. "कानडी कुठला? चांगला मराठी आहे. हे बघा, पहिल्याच पानावर खड्ड्यांची बातमी. पुण्याचाच आहे."

श्रीनिवासरावांनी पुन्हा पाहिलं. फोटो कळत होते. रस्ता कळत होता, खड्डा कळत होता. फोटोखाली मात्र मुंग्यांच्या रांगा होत्या. चष्मा पुसला. मुंग्या अधिक स्पष्ट दिसल्या. उजवीकडचा दरवाजा, उजवीकडचा पंखा, पद्मजाबाईंचा उजवीकडचा खांदा, सगळंच कुठेतरी गेलं होतं.

दवाखान्यात कळलं की मेंदूच्या मागच्या भागात रक्ताची एक छोटी गुठळी अडकली होती. हातपाय ठीक, बोलणं ठीक. डॉक्टरांनी कागद पुढे केला. "आजोबा, काहीतरी लिहा बघू."

श्रीनिवासरावांनी लिहिलं. हात झरझर चालला. डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला, इकडच्या तिकडच्या चार गोष्टी विचारल्या आणि मग तोच कागद समोर धरला.

"हे वाचा."

श्रीनिवासराव बराच वेळ बघत राहिले. "अक्षर वळणदार आहे," ते म्हणाले. "कुणाचं आहे?"

"तुमचंच. तुम्ही लिहिलंत, 'माझे नाव श्रीनिवास. मी घाबरलो आहे.' क्वचित होतं असं. लिहिण्याची वाट वेगळी, वाचण्याची वेगळी. तुमची जायची वाट उघडी आहे, यायची बंद झाली."

"लक्ष्मी रोडसारखं," पद्मजाबाई म्हणाल्या. "एकेरी." आणि हे म्हणताना त्यांचा आवाज फाटला.

श्रीनिवासराव घाबरले होते हे खरं; स्वतःच्या हातानं लिहूनच दिलं होतं. पण घरी आल्यावर, पुस्तकांनी भरलेल्या भिंतीसमोर बसल्यावर, भीतीच्या मागून दुसरंच काहीतरी येऊन उभं राहिलं. त्यांनी एक पोथी उघडून मांडीवर घेतली. काळे वळसे, रेघा, टिंबं. यांतून माणूस बोलतो? शेकडो वर्षांपूर्वी जळून राख झालेला माणूस, आपल्या कानाशी, त्याच्या स्वतःच्या आवाजात? आणि आपण हे बाळपणापासून रोज, चहा पिता पिता, खाजवता खाजवता करत होतो? ती मुकी पानं ते उलटत राहिले. अंगावर काटा आला. जन्मभर ज्या घरात राहिलो त्या घरात समुद्र होता, आणि तो आटल्यावर आपल्याला कळलं, असं काहीतरी ते होतं.

वारज्याला एका केंद्रात उपचार सुरू झाले. तिथे वाचायला शिकवणारी तनया पंचविशीची, जीन्स घालणारी, बोलायला फटकळ.

"काका, डोळ्यांना चिल करू दे. बोटाला विचारा. बोटाला येतं सगळं."

ती अक्षर दाखवायची. श्रीनिवासरावांनी ते बोटानं गिरवायचं, आधी कागदावर, मग टेबलावर, मग हवेत. डोळ्यांना नुसता आकार दिसायचा. बोट त्या आकारावरून फिरायचं, फिरता फिरता कुठेतरी आत दार किलकिलं व्हायचं, आणि 'ग'! बिगरीत पाटीवर गिरवलेलं बोटानं जपून ठेवलं होतं. कधी यायचं, कधी नाही. 'घ' आणि 'ध' तर हटवाद्यासारखे एकमेकांच्या जागी जाऊन बसायचे. तासभर बसून घाम यायचा. आज आलेलं अक्षर उद्या पुन्हा परकं व्हायचं.

"होतंय का काही?" घरी जाताना पद्मजाबाई विचारायच्या.

"काय माहीत."

दिवाळीनंतर एकदा अशीच रिक्षा कर्वे रस्त्यावर सिग्नलला उभी होती. वर मेट्रो गेली. डावीकडे एका दुकानाची पाटी होती. श्रीनिवासरावांचं बोट सवयीनं गुडघ्यावर फिरू लागलं. एक वळसा, खाली शेपटी. त्याच्याही खाली काहीतरी. पुन्हा एक वळसा, वर गाठ. आणि एकाएकी, कुणी दिवा लावावा तशी ती पाटी आतून उजळली. आधी रंग आला, पांढरा. मग वास. मग पितळेचं पातेलं, वर धरलेली साय, आईच्या हातातली फुंकणी. आणि मग शब्द.

"दूध!" श्रीनिवासराव ओरडले. आयुष्यात कधी इतक्या मोठ्यानं बोलले नव्हते.

रिक्षावाला वळला. "घ्यायचंय का काका? बाजूला घेऊ?"

"नको," पद्मजाबाई म्हणाल्या. "घरी लिटरभर पडलंय. तुम्ही चला, सिग्नल सुटला." आणि त्यांनी श्रीनिवासरावांचा हात धरला. लग्नाला अर्धशतक होत आलं तरी चारचौघांत त्यांनी तो कधी धरला नव्हता. डेक्कन आलं, पूल आला, तरी सोडला नाही.

दुपारी जेवणं झाली की पद्मजाबाई वाचून दाखवायच्या. त्या दिवशी श्रीनिवासरावांनी मुद्दाम भाग्यश्रीबाईंनी वाचली होती तीच पोथी मागितली. पद्मजाबाईंचं वाचणं वाण्याची यादी वाचल्यासारखं, भक्तिभाव नावाला नाही. गावात पटकीची साथ आली, महाराजांनी तीर्थ दिलं, साथ गेली. 'ऐसे कित्येक दिवस लोटले. तंव एक व्यापारी आला...'

"थांब. मागची ओळ पुन्हा वाच."

"ऐसे कित्येक दिवस लोटले."

"कुणाचे?"

"कुणाचे म्हणजे?"

"दिवस कुणाचे लोटले?"

पद्मजाबाईंनी पोथी चष्म्याजवळ नेली. "तसं काही दिलेलं नाही. लोटले म्हणतात तर लोटले. तुम्हीच तपासलंय हे, मला काय विचारता?"

श्रीनिवासरावांनी खरंच तपासलं होतं, आवृत्तीमागून आवृत्ती. 'कित्येक'चं जोडाक्षर नीट उठलंय ना, एवढंच दर वेळी पाहिलं होतं. आज डोळे बाजूला झाले म्हणून ओळ कानांवर आली, आणि त्यांना वाटलं, आपण एका झाकलेल्या विहिरीवर वर्षानुवर्षं पाय ठेवून उभे होतो. या एवढ्याशा ओळीत किती माणसं! साथ गेली आणि व्यापारी आला, यांच्यामध्ये त्या गावात पावसाळे गेले असतील. पोरं जन्मली, काही गेली. एखाद्या घरात न बोलणारं लेकरू असेल, त्याला मांडीवर घेऊन बसलेली आई असेल. तिनंही नवस केले असतील. तिलाही वाटलं असेल, पूर्वी होत होतं, हल्ली होत नाही. पोथीत पानाला पान लागून असतं, म्हणून आपल्याला वाटतं की चमत्काराला चमत्कार लागून होता. त्या काळातली बहुतेक सगळी माणसं या ओळीत जन्मली आणि या ओळीतच मेली. तीही देवाचीच माणसं होती की.

आणि त्या ओळीत नुसता अंधार होता असं तरी कशावरून? सगळ्या श्रावण-भाद्रपदात, आश्विनात, रोज थोडं थोडं, आपल्या डोक्यात कुठलीतरी बुजलेली वाट कुणीतरी उकरत होतं. कोण? तनया? बोट? आपल्याला त्याचा पत्ताही नव्हता. पोथीकारानं आपली हकीकत लिहिली असती तर काय लिहिलं असतं? ऐसे कित्येक दिवस लोटले. संपलं.

त्यांचे डोळे भरून आले. पद्मजाबाईंनी पोथी मिटली.

"म्हणजे देव काही करतच नाही म्हणायचं का?"

"मला नाही गं माहीत," श्रीनिवासराव म्हणाले. "मला कागद दे."

ते टेबलाशी बसले आणि लिहू लागले.

'सौ. भाग्यश्री यांस. उत्तराला फार उशीर झाला, क्षमा असावी. तुम्ही उठलात म्हणून काहीही बिघडलेलं नाही. शुभंकरला ठसका लागला होता, तुम्ही उठायलाच हवं होतं. तुमची भक्ती कमी पडली नाही. पोथीतसुद्धा ज्यांच्या घरी चमत्कार झाला अशी घरं थोडी, ज्यांच्या घरी झाला नाही अशी गावंच्या गावं. त्यांचे दिवस पोथीनं एका ओळीत सांगितले आहेत. आपण त्या ओळीतले. तिथेही काहीतरी घडत असतं, पण इतकं सावकाश की बघणाऱ्यालाही दिसत नाही. मी हे धीर देण्यासाठी लिहीत नाही. मला वाचता येईनासं झालं आहे. काही महिन्यांनी आज एक शब्द वाचता आला. तो शब्द दूध हा होता. शुभंकरचं पुढे काय होईल ते मला सांगता येणार नाही. तो कसा आहे ते कळवा. तुमचं पत्र माझी पत्नी वाचून दाखवील.'

सही झाली. हात सवयीनं लाल पेन्सिलीकडे गेला. श्रीनिवासरावांनी कागदाकडे पाहिलं. मुंग्या. सरळ, वळणदार, मुक्या मुंग्या. कुठे चुकलं, कुठे जास्त झालं, कुठे आपण शहाणपणा केला, काही म्हणता काही दिसेना. एकेक अक्षर गिरवत गेलं असतं तर आठवडा लागला असता.

"मी वाचून दाखवू?" पद्मजाबाईंनी विचारलं.

"नको. ऐकलं की फाडीन."

पद्मजाबाईंनी लाल पेन्सिल बाजूला सरकवली. त्यांनी खणातून जुनं पत्र काढून धायरीचा पत्ता सांगितला, श्रीनिवासरावांनी तो पाकिटावर लिहिला. भाड्याचं घर, ती अजून तिथे असेल की नाही कोण जाणे. म्हणून मागे स्वतःचाही पत्ता लिहिला. पद्मजाबाईंनी तिकीट चिकटवलं.

कोपऱ्यावरच्या लाल पेटीपर्यंत दोघं चालत गेले. उजवीकडून येणाऱ्या स्कूटर श्रीनिवासरावांना दिसत नव्हत्या, म्हणून पद्मजाबाई त्या बाजूनं चालल्या. पेटीचं तोंड श्रीनिवासरावांनी हातानं चाचपून शोधलं. पाकीट अर्धं आत गेलं आणि तिथेच राहिलं.

"अहो काका," मागे पाकीट घेऊन उभा असलेला एक गृहस्थ म्हणाला, "टाकताय की बघताय?"

श्रीनिवासरावांनी बोटं सोडली.