कोरडं बोट

अनसूयाबाईंनी वॉशिंग मशीनच्या काचेवरच्या बटणावर बोट टेकवलं, मग दाबलं, मग चांगलं रेटलं. दिवा लागेना. शेवटी लाटण्याच्या टोकानंही टोचून पाहिलं. भिसेगावात राहून कर्जतच्या शाळेत एकतीस वर्षं पोरांना वठणीवर आणलेल्या बाई त्या, पण या काचेपुढे त्यांची मात्रा चालेना.

मशीन प्रणितानं, त्यांच्या एकुलत्या एका लेकीनं, पुण्याहून पाठवलं होतं. "आई, तू ते चालू केलंस की माझ्या मोबाइलवर मेसेज येतो. म्हणजे तू बरी आहेस ते मला रोज कळेल," असं ती म्हणाली होती. नवरा गेल्यापासून घरात एकट्या असलेल्या बाईंना हे फार आवडलं. दोनच कपडे असले तरी त्या रोज मशीन लावायच्या. धुणं हे नुसतं निमित्त होतं. लेकीला हाक मारल्याचं समाधान खरं.

म्हणूनच ते अडलं तेव्हा मेकॅनिकला बोलवायचं सोडून बाई हट्टाला पेटल्या. मेसेज थांबला की प्रणिता घाबरून फोन करील, बघूच! ऐन थंडीत गार पाण्यात हातानं धुणं सुरू झालं. मध्ये दोन रविवार गेले. रविवारचा ठरलेला फोन आला आणि चार मिनिटांत संपलाही. मशीनचं नाव निघालं नाही. अठराव्या दिवशी कंबर धरली, तेव्हा बाईंनी मुनाफ मेकॅनिकला बोलावलं.

मुनाफनं बोट टेकवताच मशीन सुरू झालं. बाईंना अपमान झाल्यासारखं वाटलं.

"काकू, मशीन चांगलं हाय. तुमचं बोट कोरडं पडलंय," तो म्हणाला. "ही बटणं दाबायची नसतातच. काचेखाली बारीकशी वीज असते. माणसाचं बोट टेकलं की अंगातल्या ओलाव्यानं ती जराशी बोटाकडं ओढली जाते, तेवढ्यावरून मशीनला कळतं, कुणीतरी आलंय. लाटण्यानं कसं कळणार? आन् थंडीनं, साबणानं तुमची कातडी पार सुकलीय. तोंडाची वाफ द्या बोटाला."

त्यानं मशीन बंद केलं. बाईंनी पाटी पुसणाऱ्या पोरासारखं बोटावर 'हाऽ' केलं आणि टेकवलं. दिवा लागला.

"मेसेज गेला का रे पुण्याला?"

मुनाफनं घरातलं नेट तपासलं. "गेला."

"आणि मशीन बंदच असलं, तर तिकडे काही कळतं?"

"नाय. मेसेज येत नाय, येवढंच. जो वाट बघत आसंल त्याला कळंल."

मुनाफ गेल्यावर बाई फोन जवळ घेऊन बसल्या. मशीन थांबलं, कपडे दोरीवर गेले, दुपार कलली. शेवटी त्यांनीच फोन लावला.

"बोल गं आई, पटकन. मीटिंग आहे," प्रणिता म्हणाली.

"काही नाही. मशीनचे मेसेज येतात ना तुला?"

"रोज येतात! कालचा पण बघितला. म्हटलं, चला, आई ठणठणीत आहे."

खोटं पकडण्यात शाळेत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. लेक आपल्याला बरं वाटावं म्हणूनच हे बोलतेय, हेही त्यांना कळलं. आता तिला धरलं, तर रविवारची ती चार मिनिटंही अवघडून जातील, याची त्यांना भीती वाटली.

"आई? आहेस ना?"

"आहे की," बाई म्हणाल्या. "काल चादरी टाकल्या होत्या गं. बऱ्याच साठल्या होत्या."