नदीपल्याडची तालीम

यामिनीने लग्नाआधी सासरी सांगितलं होतं की तिचे वडील पूर्वी 'फिल्म डिस्ट्रिब्यूशन'मध्ये होते. ते अगदीच खोटं नव्हतं. गडहिंग्लज भागातल्या जत्रांमधून फिरणाऱ्या एका तंबू-टॉकीजमध्ये दीनानाथ सुतार एकोणीस वर्षं कामाला होते. हिंदी सिनेमा असला की ते कनाती बांधत, तिकिटं फाडत. पण हाँगकाँगचा मारामारीचा सिनेमा आला की मालक त्यांच्या हातात माईक देई. पडद्यावर चिनी आणि जपानी माणसं आपापसांत भांडत, आणि खाली मातीत बसलेल्या हजारभर लोकांना दीनानाथ ते भांडण मराठीत सांगत. चिनी त्यांना एक अक्षर येत नव्हतं. मालकाकडे कधी गोष्टीचा कागद असे, कधी नसे. असला तरी तो बऱ्याचदा दुसऱ्याच सिनेमाचा निघे. त्यामुळे दीनानाथ पडद्याकडे बघत आणि सुचेल ते बोलत.

शाळेत मुलं यामिनीला बघून हवेत हात मारत आणि तिच्या वडिलांसारखे चित्रविचित्र आवाज काढत. ती रडत घरी येई. पुढे गावोगाव केबल आली, तंबू गुंडाळला गेला, दीनानाथ साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर लागले आणि तो विषय घरात कुणी काढेनासं झालं.

आता यामिनी अडतीस वर्षांची होती. आयर्लंडमध्ये कॉर्कजवळ रिंगास्किडीच्या एका औषध कंपनीत ती क्वालिटीमध्ये होती. कुठल्या बॅचमध्ये काय चुकलं, ते का चुकलं आणि पुन्हा चुकू नये म्हणून काय केलं, हे कोरड्या, काटेकोर इंग्रजीत लिहून ठेवणं हे तिचं काम. ती आणि तिचा नवरा शैलेंद्र जवळच्याच कॅरिगलाइनमध्ये राहत. मागच्या वर्षी तिने तिथल्या हॉलमध्ये कराटे सुरू केलं होतं. शिकवणाऱ्या हारुको मूळच्या जपानमधल्या ओकिनावाच्या, कॉर्कच्या माणसाशी लग्न करून तीस वर्षांपूर्वी इथे आलेल्या. बासष्ट वर्षांच्या, बुटक्या, कधी आवाज न चढवणाऱ्या. यामिनीचे पवित्रे त्यांना आवडत, पण प्रहाराबरोबर पोटातून जी आरोळी यायला हवी ती काही तिच्याकडून निघत नसे. हारुको तिला पुन्हा करायला लावत आणि यामिनी पुन्हा एकदा खोकल्यासारखा आवाज काढी.

एप्रिलमध्ये दीनानाथ तीन महिन्यांसाठी लेकीकडे आले. आईला विमानाची धास्ती, म्हणून एकटेच. पहिल्याच आठवड्यात ते यामिनीबरोबर क्लासला गेले, कडेच्या बाकावर तासभर बसले आणि परत येताना म्हणाले की तुझ्या वस्तादबाई पाय जमिनीत पुरल्यागत उभ्या राहतात, अशी बैठक मी कोल्हापुरातसुद्धा फार कमी पाहिली.

त्याच हॉलच्या दारात पोस्टर लागलं होतं. महिन्यातून एका रविवारी दुपारी तिथे जुना सिनेमा दाखवत. हॉल सांभाळणारी ब्रीडा दर वेळी कुणाला तरी सिनेमा निवडायला सांगे. या वेळची पाळी लियाओंची होती. मेन स्ट्रीटवर त्यांचं चायनीज टेकअवे होतं, आणि दर बुधवारी सकाळी ते याच हॉलमध्ये म्हाताऱ्या मंडळींना ताय ची शिकवत. त्यांनी लहानपणी पाहिलेला एक सिनेमा निवडला होता: चिनी आखाड्याचा पोरगा विरुद्ध जपानी आखाडा. पोस्टरवर दोन माणसं हवेत होती. दीनानाथ त्या पोस्टरपुढे इतका वेळ उभे राहिले की यामिनीला गाडी सुरू करून हॉर्न वाजवावा लागला.

तिला जायचं नव्हतं. पण वडिलांनी रविवारी सकाळीच इस्त्रीचा शर्ट घातला होता.

हॉलमध्ये साठेक माणसं जमली होती. मागे चहाची किटली आणि ब्रीडाने भाजलेले स्कोन, गोडसर पावासारखे. पहिल्या रांगेत हारुको ताठ बसल्या होत्या. त्यांना पाहून यामिनी दारातच थांबली. अशा सिनेमात जपानी म्हणजे कोण असतात हे तिला लहानपणापासून पाठ होतं. ती वडिलांना घेऊन तिसऱ्या रांगेत बसली.

सिनेमा सुरू झाला आणि लगेच घोटाळा लक्षात आला. डिस्कवर खाली अक्षरं होती, पण ती पोर्तुगीज. दुसरी भाषा नव्हतीच. ब्रीडाने लियाओंना माईक दिला आणि जमेल तसं सांगा म्हणाली. लियाओ भिडस्त गृहस्थ. पडद्यावर एक तरुण पाच मिनिटं तावातावाने बोलला. लियाओंनी घसा साफ केला आणि सांगितलं, "त्याला राग आलाय." थोडे लोक हसले. तरुण आणखी पाच मिनिटं बोलला. "अजून आहे," लियाओ म्हणाले.

पंधरा मिनिटांत लोक स्कोनकडे वळले. एक बाई कोट घालायला लागली. दीनानाथ खुर्चीच्या टोकावर आले होते आणि त्यांचे ओठ हलत होते. त्यांनी लेकीच्या कानात विचारलं की तो माईक मागितला तर चालंल का. यामिनी नको म्हणाली. आपल्याला ही भाषा येत नाही, असंही म्हणाली.

"तवा तरी कुठं येत होती?" दीनानाथ म्हणाले आणि उठलेच.

पुढे काय बोलणं झालं ते यामिनीला नीट आठवत नाही. लियाओंनी माईक इतक्या आनंदाने सोडला की तो खालीच पडायचा राहिला. आपले वडील काय म्हणताहेत हे ब्रीडाला सांगण्यासाठी ती उठली, आणि पाहता पाहता दोघं बापलेक पडद्याच्या कडेला उभे होते. दीनानाथ मराठीत बोलणार आणि ती इंग्रजीत सांगणार, असं सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. ब्रीडा म्हणाली, ग्रँड, म्हणजे चालेल.

"तर मंडळी," दीनानाथांनी सुरुवात केली, आणि तो आवाज ऐकून यामिनीने वळून त्यांच्याकडे पाहिलं. वजनकाट्यावरच्या माणसाचा तो आवाज नव्हता. "ही नदी. नदीच्या अल्याड आपली तालीम. पल्याड त्यांची. आपल्या तालमीचे वस्ताद म्हातारे झालेत, गुडघं धरलेत. आणि हा चंदर, त्यांचा पठ्ठा. अंगात रग, डोक्यात काय न्हाई."

यामिनीने सांगितलं: नदीच्या एका बाजूला एक शाळा आहे, दुसऱ्या बाजूला दुसरी. 'आपली' हा शब्द तिने गाळला, कारण समोर हारुकोंची ताठ मान दिसत होती. बाकीचंही तिने ऑफिसात लिहायची तसंच सांगितलं. लोक ऐकत होते, पण हलत नव्हते. दीनानाथांना इंग्रजी कळत नव्हतं, तरी काय होतंय ते कळलं. त्यांनी माईकवर हात ठेवला.

"तू अहवाल वाचायलीस, पोरी," ते हळू म्हणाले. "बोल की."

मग तिनेही हळूच सांगितलं की पहिल्या रांगेतल्या बाई तिच्या वस्ताद आहेत आणि त्या जपानी आहेत. दीनानाथांनी हारुकोंकडे पाहिलं, पडद्यावरच्या मिशाळ जपानी वस्तादाकडे पाहिलं आणि मान डोलावली. नेमक्या त्याच वेळी पडद्यावर त्या मिशाळ वस्तादाच्या हातात कुणीतरी एक कागद दिला. तो वाचताना त्याचे डोळे मोठे झाले.

"घरनं पत्र आलंय," दीनानाथ म्हणाले. "बायको लिहिती, आंबे पाडाला लागलेत, आणि तुम्ही तिकडं परक्या गावात लोकांची हाडं मोडत बसलाय. मोडा मोडा. पण परत येताना मोकळ्या हातानं येऊ नका."

यामिनीने ते सांगितलं. आंबे तसेच ठेवले. तिला आईचा आवाज आठवला आणि तो आपोआप तिच्या तोंडून इंग्रजीत आला, ठसक्यासकट. हॉल हसला. पण सगळ्यात मोठ्याने लियाओ हसले. ते डोळे पुसत होते, कारण त्या कागदात खरं काय लिहिलंय ते त्या हॉलमध्ये फक्त त्यांना ठाऊक होतं. हारुकोंचे खांदेही हलताना दिसले.

तिथून पुढे यामिनीने वडिलांच्या तोंडाकडे बघणं सोडलं. ती पडद्याकडे बघत होती आणि त्यांचा शब्द कानावर पडायच्या आत तिचा तयार असे. चंदर एका खानावळीत कांदे चिरायला राहिला तेव्हा त्याची मालकीण काय बोलते हे तर तिने स्वतःच सांगितलं, दीनानाथ चहाचा घोट घ्यायला थांबले होते म्हणून. कोट घातलेली बाई कोटासकट बसून राहिली होती. हॉलच्या मागच्या रांगेतून कुणीतरी चंदरला सावध केलं, की मागे बघ, तुझ्या मागे उभाय.

शेवटची लढाई नदीवरच्या लाकडी पुलावर होती. दीनानाथांनी शब्द थांबवले आणि आवाज सुरू केले. ठोसा, लाथ, फळी मोडली, पाण्यात पडला, परत वर आला. त्यांना दम लागायला लागला. सत्तर वर्षांचा छाती भरून बोलणारा माणूस तो, शेवटी खोकला आला आणि त्यांनी माईक लेकीपुढे धरला. पडद्यावर चंदर हवेत होता. यामिनीने विचार केला नाही. पोटातून आरोळी आली. ती इतकी मोठी होती की माईक किंचाळला आणि ब्रीडाच्या हातातली बशी खाली पडली. हारुको खुर्चीतून वळल्या आणि त्यांनी पडद्याकडे नव्हे, यामिनीकडे पाहिलं.

मिशाळ वस्ताद पुलावर पडला. चंदर त्याच्यापुढे उभा राहिला. खाली पडलेल्या माणसाचे ओठ शेवटचे हलले. दीनानाथांनी माईक परत घेतला.

"तो म्हणतोय, पोरा, जिंकलास. कबूल. पण तुझी डावी लाथ कच्ची हाय. उद्या सकाळी नदी ओलांडून ये, नीट करून देतो."

यामिनीने ते सांगितलं. मग हारुको उठल्या, वळल्या आणि दीनानाथांना कमरेतून वाकून नमस्कार केला. दीनानाथांनीही माईकसकट हात जोडले. नंतर जो टाळ्यांचा आवाज झाला त्यात पोर्तुगीज अक्षरं कधी संपली ते कळलं नाही.

पण हारुको बसल्या नाहीत. त्या म्हणाल्या की डाव्या लाथेचं निरीक्षण अगदी बरोबर आहे, पूर्ण सिनेमाभर त्यांना ते खटकत होतं. लियाओ म्हणाले की त्या काळात उत्तर चीनच्या आखाड्यांत तशीच शिकवत. हारुकोंनी ते मान्य केलं नाही. त्यांनी बूट काढले. लियाओंनीही काढले. लोकांनी खुर्च्या मागे सरकवल्या आणि साठीपलीकडची ती दोन माणसं, जी पाच वर्षं एकाच हॉलच्या किल्ल्या एकमेकांना देताना फक्त हवापाण्याचं बोलली होती, मधोमध उभी राहून एकमेकांना लाथ कशी मारू नये हे दाखवायला लागली. चहाची किटली दोनदा भरली गेली. दीनानाथ मध्ये बसून मराठीत पंचगिरी करत होते आणि ती कुणाला सांगायची गरज पडत नव्हती.

चालत घरी जाताना यामिनीने विचारलं की हरणाऱ्याला शेवटचं वाक्य द्यायचं त्यांना कसं सुचलं. दीनानाथांनी सांगितलं की एकदा एका जत्रेत तंबूत दोन तालमींची पोरं बसली होती. त्यांनी जिंकणाऱ्याला एका तालमीचं नाव दिलं आणि हरणाऱ्याला दुसरीचं, गंमत म्हणून. सिनेमा संपायच्या आत तंबूचा मधला खांब खाली आला. मालकाने महिनाभर माईक काढून घेतला. त्यानंतर पडलेल्याला बोलू दिल्याशिवाय त्यांनी एकही सिनेमा संपवला नाही.

"हे मला कधी सांगितलं नाही तुम्ही, अप्पा," ती म्हणाली.

"तू कधी इचारलं न्हाईस," ते म्हणाले, आणि त्यात तक्रार नव्हती.

सोमवारी कॅन्टीनमध्ये हॉलवर आलेल्या एका सहकाऱ्याने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. माईकवाला 'युअर मॅन', म्हणजे तो बाबा, हिचा बाप, असं तो म्हणाला. यामिनीने जेवण थंड होऊ दिलं आणि तंबूपासून सगळं सांगितलं, हातवाऱ्यांसकट. शैलेंद्रने संध्याकाळी तिला विचारलं की मग फिल्म डिस्ट्रिब्यूशनचं काय. तिने त्यालाही पहिल्यापासून सांगितलं. तो इतका हसला की त्याने लगेच पुण्याला आईला फोन लावला.

पुढच्या महिन्यात निवडीची पाळी हारुकोंची आली. त्यांनी एक जुना जपानी सिनेमा आणला. त्यात चिनी पहिलवान दुष्ट होते आणि जोरात हरत होते. डिस्कवर इंग्रजी अक्षरं होती, पण ब्रीडाने ती बंद करून टाकली, कारण दीडशे माणसं आली होती आणि ती वाचायला आली नव्हती. लियाओ पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसले. त्यांच्या शेजारी दीनानाथ. त्यांनी या वेळी माईक घ्यायला नकार दिला होता. घसा बसलाय, म्हणाले. सकाळपासून तर ते फोनवर गडहिंग्लजला मोठमोठ्याने बोलत होते.

यामिनी एकटीच पडद्याच्या कडेला उभी राहिली. दिवे गेले. तिने माईक जवळ घेतला आणि म्हणाली की तर मंडळी, इथे एक डोंगर आहे. खाली पहिल्या रांगेत इंग्रजीचा एक शब्द न कळणारे दीनानाथ लियाओंच्या मांडीवर थाप मारून सगळ्यांच्या आधी हसले.