आठ दुर्विचारांचं ओझं वाहणारी रेहल

मित्रांनो, मी एक जुनी रेहल आहे. रेहल म्हणजे ग्रंथ ठेवायची घडीची लाकडी बैठक. उघडली की फुलीसारखी उभी राहते, मिटली की पाटासारखी गप्प पडते. माझ्या अंगात एकही खिळा नाही. एकाच सागवानी फळीला चिरून, तिचे दोन पाय एकमेकांत अडकवून मला घडवलं आहे. हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. थोडी बढाई आहे, चालवून घ्या.

माझा जन्म शहरातल्या शहागंज बाजारातला. मुनीरमियाँ नावाच्या कारागिरानं मला तासलं. माझ्या बहिणी मशिदींत, मदरशांत गेल्या. मला मात्र पांढऱ्या झग्यातल्या एका म्हाताऱ्या फादरनी उचललं. मुनीरमियाँ म्हणाले, "फादरसाब, इसकू धूप में नक्को रखो. बेटी के सरीखी दे रहा हूँ." फादरनी मला सायकलच्या मागं बांधलं आणि मी सासरी निघाले.

सासर छावणीच्या पलीकडं होतं. तिथं तेव्हा ज्वारीची रानं होती. दुष्काळाच्या सालांत खेड्यांतून माणसं कामाला शहरात आली, रानांत पत्र्याची घरं उठली, आणि त्यांतल्या ख्रिस्ती घरांसाठी फादरनी एक लहानसं प्रार्थनाघर बांधलं. ईस्टरच्या आधी उपवासकाळ येतो. त्या दिवसांत दर शुक्रवारी संध्याकाळी माझ्यावर एक जाडजूड ग्रंथ उघडला जाई. त्यात वाळवंटात राहणाऱ्या फार जुन्या ख्रिस्ती साधूंची शिकवण होती. त्या साधूंना पाणी लांब, आमच्या वस्तीलाही पाणी लांब. त्यामुळे ओळख लवकर जमली.

साधू म्हणत, पापाच्या आधी विचार येतो. असे आठ दुर्विचार आहेत: खादाडपणा, वासना, लोभ, खिन्नता, राग, आळस, बढाई आणि गर्व. विचार दाराशी आला म्हणून माणूस पापी होत नाही. त्याला आत घेऊन बाज टाकून दिली, की झाला पापी. शुक्रवार सात आणि विचार आठ, म्हणून बढाई आणि गर्व ही जुळी भावंडं एकाच दिवशी उरकावी लागत.

आळसाचं वर्णन सगळ्यांना आवडे. साधूंच्या मते तो भर दुपारी येतो. सूर्य जागचा हलत नाही असं वाटायला लावतो, हातातलं काम नकोसं करतो. हे वाचलं की बाया पदराआड हसत, कारण प्रार्थनाघराची झाडलोट करणारा कडुबा दुपारी हमखास बाकाखाली सापडे. कडुबा म्हणे, "हसा. त्यो माझ्याकडं तरी एकटाच येतो. तुमच्याकडं आठी येत्यात, जेवूनच जात्यात."

मी मुळातच हिशेबी. कुठल्या पापाला कोण कुणाकडं बघतं, याचा जमाखर्च मी बसल्या बसल्या मांडत असे. राग आला की डोळे एकाच्या मिशीवर जात, गर्व आला की दुसरीच्या नव्या साडीवर. जमा सगळी शेजाऱ्याच्या नावावर, स्वतःचं पान कोरं. आपलं पाप म्हणजे पाठीवरचा तीळ; तो ज्याचा त्याला सोडून सगळ्यांना दिसतो.

पुढं म्हातारे फादर बदलून गेले आणि तरुण फादर लॉरेन्स आले. वस्ती वाढली होती, मागच्यांना ऐकू येत नव्हतं. त्यांनी मला चटईवरून उचललं आणि उंच मेजावर मांडलं. आजवर बसून वाचणारी वस्तीतली सत्यभामा आता उभी राहून वाचू लागली. सगळे म्हणाले, "व्वा, रेहलीला मान मिळाला." मलाही तसंच वाटलं.

ते साल कोरडं होतं. वस्तीत बोअर एकच जिवंत होती, गीताबाईची. ती रोज सकाळी पाइप सोडून गल्लीला पाणी देई. पण पलीकडं नवी इमारत उठत होती, आणि दुपारी त्या इमारतीच्या ठेकेदाराचा टँकरही गीताबाईच्याच दारात भरू लागला. गल्लीचं पाणी कमी झालं, कुजबूज वाढली.

लोभाचा शुक्रवार आला. सत्यभामेनं वाचलं, "लोभी मनुष्य उद्याच्या तहानेला भिऊन आजच्या तहानलेल्याला विसरतो." एवढं वाचून तिनं मान वर केली. समोर गीताबाई. साऱ्या सभेची मान तिकडंच वळली.

गीताबाई ताडकन उठली. "थांबलीस कशाला? माझं नाव घालून वाच की!"

"अगं, पुस्तकात हाय ते वाचलं."

"पुस्तकात माझं तोंड हाय व्हय?"

ती तरातरा निघून गेली. दुसऱ्या दिवशी पाइप गुंडाळलेला. सगळी गल्ली मोठा रस्ता ओलांडून पाणी आणू लागली, आणि दोष सत्यभामेच्या माथी आला. "माफी माग अन् मोकळी हो," बाया म्हणाल्या. सत्यभामा फणकारली, "मी काय केलं? वाचलं फक्त." जिच्यासोबत ती गावाहून एका गठुड्यानिशी आली होती, त्या मैत्रिणीच्या, गीताबाईच्याच, दारावरून आता ती रिकामी घागर घेऊन तोंड फिरवून जाई. इतकी वर्षं वाचलेला ग्रंथही तिला सांगेना, की आता काय करावं.

पुढच्या शुक्रवारी फादर मेज शोधू लागले. मेज बाहेर रस्त्यावर होतं. सरकारी टँकर आला होता आणि पाण्याचा ड्रम त्यावर चढवला होता.

"आत आणा ना," फादर म्हणाले.

"आणतो फादर," कडुबा म्हणाला, "पण ड्रम कलंडला तर आठीच्या आठी पापं आत्ताच रस्त्यावर व्हतील."

मग मला पुन्हा चटईवर मांडलं. सत्यभामा गुडघे मुडपून बसली, मान खाली घातली आणि वाचू लागली. त्या दिवशीचा पाठ खिन्नतेचा, पण त्याची सुरुवात वाईटपणाबद्दल होती. वाईटपणा ही देवानं घडवलेली वस्तू नव्हे, असं जुने गुरू सांगतात. मडक्याला भोक पडतं, ते भोक कशाचंही बनलेलं नसतं. तेवढ्या जागी माती नसते, इतकंच. तसं जिथं चांगुलपण कमी पडतं, तिथं वाईटपणा दिसतो.

सत्यभामा थांबली. आता मान वर केली तरी पुढं बसलेल्यांच्या खांद्यांपलीकडं काही दिसत नव्हतं. पानावर एक थेंब पडला. ती पुस्तकाकडं बघतच म्हणाली, "मी बघितलं व्हतं तिच्याकडं. मुद्दाम. चारचौघांत तिची जिरावी म्हणून. भोक माझ्याकडं हाय."

दारातून आवाज आला, "मला ठाऊक हाय." गीताबाई होती. शेळी शोधायच्या निमित्तानं ती भिंतीला टेकून सगळं ऐकत होती. "म्हणून तर आग लागली. ठेकेदाराला पाणी देत व्हते, खोटं नाय. उद्यापासून बंद. पण माझं पाप मी सांगीन, तू कशाला सांगतीस?"

"नाय सांगणार."

"मग सरक. बसू दे."

तेवढ्यावर थांबेल ती आमची वस्ती कसली! मिशीवाले उठले, "राग माझ्यात लई हाय." साडीवाली उठली. कडुबा बाकाखालूनच काहीतरी ओरडला. फादर घाबरले. "अहो, असं सगळ्यांदेखत नको! पापनिवेदन एकट्यानं करायचं असतं. मी आत बसतो, एकेक जण या."

एकेक जण म्हटल्यावर वस्तीनं तेच केलं, जे ती टँकरला करते: ज्यानं त्यानं आपापली घागर आणून नंबर लावला आणि घरी भाकरी टाकायला गेला. फादरनी पडदा सारला, तर पापनिवेदनाला माणूस एकही नाही आणि दारापर्यंत घागरींची रांग! ते इतके हसले, की भाकरी टाकून परतलेल्या पहिल्या माणसाला बराच वेळ थांबावं लागलं.

सकाळी पाइप उलगडला. गीताबाईची हाक गल्लीभर गेली, "सत्यभामा, घागर आण! का आता पाण्याचंबी वाचून दाखवू?"

मित्रांनो, आता रानं गेली, चार मजली इमारती आल्या. कुणी म्हणतं, रेहल जुनी झाली, काचेच्या कपाटात शोभेला ठेवा. कृपा करून तसं करू नका. मला पुसा, तेलाचा हात फिरवा आणि चटईवर मांडा. माझ्यापुढं बसलं की मान आपोआप खाली जाते. मग शेजारी दिसत नाही. जे दिसतं, ते आपलंच असतं.