चिंचोळ्याकडे जाऊ नका

जोसायाचा सल्ला कसा ऐकायचा, याचा नियम गावात केव्हाच ठरून गेला होता. गळ तो सांगेल तसाच बांधायचा, आमिष तो सांगेल तसंच हलवायचं, आणि जागा मात्र तो सांगेल त्याच्या नेमक्या उलट दिशेला शोधायची.

चाळीस वर्षं तो तळ्यावर वाटाड्या होता. उन्हाळ्यात दक्षिणेकडून येणाऱ्या पाहुण्यांना होडीत घालून वॉलाय मासे धरायला न्यायचा. हिवाळ्यात, म्हणजे पार एप्रिलपर्यंत, तळं गोठलेलं असे आणि पाहुणे नसत, तेव्हा दर शुक्रवारी सकाळी गावच्या रेडिओवर दहा मिनिटं बोलायचा. माशांविषयी त्याने सांगितलेला शब्द न् शब्द खरा असे. जागेविषयी एकही नसे. यात त्याला काही वाईट वाटत नव्हतं आणि वाटायचं कारणही नव्हतं. मासे धरणारा माणूस आपल्या जागेबद्दल खरं बोलायला लागला, तर त्याला आधी डॉक्टरकडे न्यावं.

त्या एप्रिलातल्या पहिल्या शुक्रवारी मात्र तो रेडिओच्या खोलीत शिरला तो गप्प गप्पच. रेडिओ चालवणाऱ्या रूबेनने बिंगोचे आकडे वाचून संपवले आणि माईक त्याच्याकडे सरकवला.

"वॉलायला घाई चालत नाही," जोसायाने नेहमीसारखी सुरुवात केली. "आमिष तळाला टेकू द्या. वीतभर उचला, परत सोडा. ते वर जाताना मासा नुसता बघतो, खाली येताना धरतो. म्हणून सोडताना दोरा सैल ठेवू नका, नाहीतर तो खाऊन जाईल आणि तुम्ही चहाच पीत बसाल. त्याच्या काचेच्या डोळ्यांना ऊन सोसत नाही, तेव्हा दुपारी झोपा, पहाटे या. आणि गाडीत पेट्रोल भरलेल्या हातानं आमिषाला शिवू नका. तुम्हाला कुणी पेट्रोल लावून भाकरी दिली तर खाल का?"

रूबेन हसला. जोसाया हसला नाही.

"आता आणखी एक. चिंचोळ्याकडे जाऊ नका. मी परवा पहार मारून बघितली. वरून हातभर बर्फ दिसतंय, पण खालून पाण्यानं खाल्लंय. मी धोक्याच्या फुल्या रोवून आलोय. कुणी जाऊ नका."

रूबेनने माईक बंद केला आणि डोळा मारला. "म्हणजे चिंचोळ्यावर आलेत म्हणा की मासे!"

मासे आले होते, हे खरंच होतं. बर्फ जायच्या आधीचे शेवटचे आठ-दहा दिवस, तळ्याचे दोन्ही काठ जिथे जवळ येतात त्या चिंचोळ्या पाण्यात वॉलाय गर्दी करतात. तिथे खाली प्रवाह असतो. माशाला प्रवाह आवडतो, आणि बर्फाला तोच खातो. एवढं गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. यंदा बर्फावर लवकर जाड हिम पडलं, त्या गोधडीखाली ते नीट धरलंच नाही, हे फक्त जोसायाला ठाऊक होतं. आणि जोसायावर कोण विश्वास ठेवणार?

दुपारी त्याची मेहुणी टिली आली. बायकोची धाकटी बहीण, वय अठ्ठावन्न, नवऱ्याला आणि दोन कुत्र्यांना पुरून उरलेली. हातात तव्यावरच्या भाकरीचं गाठोडं होतं. आली तशी खुर्चीत बसली आणि चहाची वाट बघू लागली.

"भावजी, रेडिओवर आवाज काय कापत होता हो तुमचा! मी म्हटलं, म्हातारा रडतो की काय आता."

"टिले, मी खरं सांगतोय."

"सांगा की. तुम्ही खरं सांगायला लागलात की मला फार मजा येते."

"कोण कोण जाणार आहे उद्या?"

"सगळेच. आठ बर्फगाड्या आहेत. पुढे माझी. म्हातारीची गाडी मागे राहिलेली बघितलीय का तुम्ही कधी?"

"तिथे फुल्या रोवल्यात मी."

टिलीने कप खाली ठेवला आणि त्याच्याकडे नुसतं बघितलं. जोसायाची मान आपोआप खाली गेली.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. बर्फ कच्चं असेल तिथे स्प्रूसच्या झाडाच्या दोन फांद्यांची फुली रोवायची, ही आजोबा-पणजोबांपासूनची खूण. ती दिसली की कुत्रीसुद्धा वळतात म्हणत. जोसायाने एका चांगल्या जागेवरून लोकांना हटवायला पक्क्या बर्फावर तशी फुली रोवली होती. दोन आठवडे एकट्याने मासे खाल्ले. मग टिलीने फुलीशेजारी पहार मारली, तर दीड हात बर्फ निघालं. गाव महिनाभर हसलं. जोसायाही हसला. त्या वेळी फक्त त्याची बायको एडना हसली नव्हती. "जागेबद्दल हवं तेवढं खोटं बोल," ती म्हणाली होती, "बर्फाबद्दल नको."

"तशी खोटी फुली एकदाच रोवली होती," तो म्हणाला. "चूक होती माझी. चल आत्ता, पहार मारून दाखवतो."

"उद्या मीच बघते की."

"बघायला जाशील तिथेच बुडशील, बाई!"

"चोराच्या मनात चांदणं," असं म्हणून टिली उठली. दारात वळून म्हणाली, "भाकरी खा गरम आहे तोवर. आणि माशांचं वाईट वाटून घेऊ नका, भावजी. दोन आणून देईन तुम्हाला."

ती गेली. जोसायाने भाकरीला हात लावला नाही. चिंचोळ्यावर स्वतः जाऊन उभं राहावं का, याचा त्याने विचार केला. पण म्हातारा राखणीला बसलाय म्हटल्यावर लोकांची खात्रीच पटली असती, आणि ते पलीकडच्या काठाने शिरले असते. तिथे बर्फ अजून वाईट होतं. टिलीची गाडी सर्वांत पुढे. हे एवढंच त्याच्या डोक्यात फिरत राहिलं. एडना गेल्यापासून त्याच्या घरात रोज पाय टाकणारं, त्याला शिव्या घालणारं, हसवणारं माणूस एकच होतं.

त्या माणसाला चिंचोळ्याकडून वळवायला चिंचोळ्याहून मोठं आमिष हवं होतं. ते त्याच्याकडे होतं.

एडनाचा खडक. तीस वर्षांपूर्वी एकदा ती नवऱ्यावर रागावून एकटीच ओढगाडी घेऊन तळ्यावर निघाली. राग संपला तिथे थांबली आणि थांबली तिथेच भोक पाडलं. खाली बुडालेला खडक होता, आणि खडकावर वॉलायच वॉलाय. तेव्हापासून ती जागा त्या दोघांची. तिकडे जाताना गाडीमागे स्प्रूसची मोठी फांदी बांधायची, म्हणजे माग पुसला जाई. फांदी बांधायला एडनाने लाल लोकरीची दोरी विणली होती. इतकी वर्षं टिली त्या जागेच्या मागावर होती. शहरातल्या दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात एडना त्याला म्हणाली होती, "जागा कुणाला सांगू नकोस. टिलीला तर मुळीच नको. ती कळली तर तुला छळायला तिच्याकडे निमित्त उरणार नाही, आणि मग तुझ्याकडे येणार कोण?"

आता नुसती सांगून भागणार नव्हतं. सांगितलेलं कोणी मानलं असतं? ती त्याच्याकडून चोरली गेली पाहिजे होती.

शनिवारी उजाडायच्या बेताला त्याने बर्फगाडी काढली. दिवा लावला नाही. फांदी लाल दोरीने मागे बांधली आणि टिलीच्या घरावरून अगदी हळू निघाला. ती चारला उठून खिडकीशी चहा पिते, हे त्याला माहीत होतं. खिडकीत कप हलला. जोसायाने मान खाली घातली, चोरासारखी. खरं सांगताना जमला नव्हता इतका चांगला अभिनय त्याला आता जमला.

मोठ्या धोंड्यापाशी वाट फुटत होती. डावीकडे चिंचोळं, उजवीकडे उघडं तळं. इथेच फांदी गळून पडायला हवी होती, म्हणजे पुढचा माग उघडा राहिला असता. तो उतरून गाठ सोडायला वाकला. ओली लोकर दगडासारखी गोठली होती. हातमोजे काढले, नखांनी ओढली, दातांनी ओढली. गाठ हलेना. मागे गावात एक इंजिन सुरू झालं. मग दुसरं.

त्याने सुरी काढली. एक क्षण तसाच थांबला. "एडने, माफ कर," असं मोठ्याने म्हणाला आणि दोरी कापली.

खडकावर पोचल्यावर त्याने भोक पाडलं, रिवाजाप्रमाणे चिमूटभर तंबाखू पाण्याला दिली आणि एडनासाठी आणखी एक चिमूट टाकली. गळ सोडला आणि कान मागे लावून बसला. इंजिनांचा आवाज धोंड्यापाशी आला आणि थांबला. बराच वेळ थांबला. जोसायाच्या हातातली काठी थरथरत होती. मासा लागला होता की काय कोण जाणे, त्याने बघितलंसुद्धा नाही.

मग आवाज वाढू लागला. त्याच्याच दिशेने.

सर्वांत पुढे टिली होती, एका हातात ती फांदी झेंड्यासारखी उभी धरून. मागे सात गाड्या. जोसायाने मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला त्याने तोंड भरून शिवी हासडली.

"सापडला, सापडला! म्हातारा कोल्हा बिळात सापडला!" रूबेन गाडीवरून उडी मारत ओरडला.

"चालते व्हा! माझ्या बायकोची जागा आहे ही!"

"म्हणूनच तर पाहुणचाराला आलो," टिली म्हणाली. "आमची बहीण होती. सरका तिकडे."

अर्ध्या तासात खडकाभोवती तीसेक भोकं पडली. मासे तर असे लागत होते की लोक हसूनच बेजार. जो तो जोसायाची पाठ थोपटून जाई, "रेडिओवर ही जागा सांगायची विसरलात वाटतं!" तो तोंड वाकडं करून बसला होता. आत त्याला दुखत होतं, हेही खोटं नव्हतं. तीस वर्षांची शांतता एका सकाळी गेली. पण दर थोड्या वेळाने तो टिलीच्या निळ्या टोपीकडे बघे, आणि ती जागेवर असली की पुन्हा तोंड वाकडं करी.

ऊन वर आलं तेव्हा रूबेन कमरेवर हात ठेवून दक्षिणेकडे बघत उभा राहिला. मग एकेक जण उभा राहिला. लांब, दोन काठांच्या मधे, जिथे काल पांढरं होतं तिथे काळी रेघ दिसत होती आणि तिच्यावर वाफ उठत होती. चिंचोळं उघडलं होतं. जोसायाच्या फुल्या कुठे दिसत नव्हत्या.

रूबेनने टोपी काढली, पुन्हा घातली. जोसायाजवळ आला, त्याच्या पुढ्यात आपल्यातले चांगले चार मासे ठेवले आणि खाली बघत परत गेला.

माणसं निघायला लागली तेव्हा टिली त्याच्या शेजारी उपड्या बादलीवर येऊन बसली. तिने खिशातून लाल दोरीचा तुकडा काढला.

"फांदीला होती," ती म्हणाली.

"तुटली. जुनी झाली होती."

"भावजी, मी चाळीस वर्षं मासे सोलतेय. तुटलेलं काय आणि कापलेलं काय, मला कळतं."

जोसायाने बर्फाच्या भोकात नजर घातली.

"धोंड्यापाशी उभी राहिले मी," टिली म्हणाली. "मागचे ओरडत होते, चल चिंचोळ्याकडे, म्हातारा आपल्याला चकवतोय. मलाही तेच वाटलं. म्हटलं, मुद्दाम टाकलीय फांदी. गाडी डावीकडे वळवलीसुद्धा. मग ही दोरी हाताला लागली." तिने दोरीचा तुकडा बोटाला गुंडाळला. "माशांसाठी तुम्ही काय वाटेल ते कराल. पण माशांसाठी एडनाची दोरी कापणार नाही."

मग टिलीने हातमोजे काढले, त्याच्या बर्फगाडीला लोंबणारं दोरीचं दुसरं टोक ओढून घेतलं आणि दोन्ही टोकं एकमेकांना बांधली. गाठ चांगली जाड आली. त्याच दोरीने तिने फांदी आवळली.

"उठा," ती म्हणाली. "सगळ्यांच्या मागून आपण जाऊ. आठ गाड्यांचा माग आहे, पुसायला वेळ लागेल. आणि सोमवारी भाकरी घेऊन येते. तुमची दुसरी एखादी जागा असेलच, ती काढून घ्यायचीय मला."